अक्कलदाढ ठणकतेय आणि हातात पैसे कमी आहेत: आधी काय करायचं, मग काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खालची अक्कलदाढ चार-पाच दिवस ठणकतेय, तिच्या मागचं मांस सुजलंय, कळ कानापर्यंत जाते आणि तोंड पूर्ण उघडत नाही. एका दवाखान्यात चारही अक्कलदाढा एकदम काढायला सांगितल्या, पण तो खर्च परवडणारा नाही. तोवर दुखणं कसं आवरायचं आणि कमी पैशांत नीट उपचार कुठे मिळतील?

चार दाढांचा हिशोब आज बाजूला ठेवा. आत्ता कामं दोनच आहेत. ही एक दाढ शांत करायची, आणि ती नेमकी कशामुळे दुखतेय ते कळून घ्यायचं. दोन्ही कामं बहुतेक वेळा कमी खर्चात होतात. मोठा खर्च दाढ काढण्याचा असतो आणि तो निर्णय सूज उतरल्यावर, शांत डोक्याने घेता येतो.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तिथे पैशांचा विचार करायचाच नसतो. आरशासमोर उभे राहा आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये सरकवून बघा. साधारणपणे तीन बोटं जातात. दोन जात असतील तर जबडा आखडलाय, एक-दोन दिवसांत दाखवा. एकच बोट जेमतेम जात असेल तर आजच जा. आणि खालीलपैकी काहीही असेल तर दंतवैद्याची वेळ मिळायची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, मध्यरात्र असली तरी: गिळताना त्रास होणं किंवा लाळही गिळता न येणं, जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली जाणं, आवाज घोगरा किंवा दबका होणं, सूज जबड्याखाली गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकणं, श्वास अडखळणं, थंडी वाजून ताप येणं.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. खालच्या शेवटच्या दाढांची मुळं तोंडाच्या तळाच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात. त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखाली, गळ्याच्या दिशेने पसरू शकतो. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये याच आजाराचं वर्णन केलं, आणि आजही त्यात श्वासनलिका दाबली जाऊन माणूस दगावू शकतो. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर हा पसरण्याचा वेग जास्त असतो. अशांनी ‘अजून एक दिवस बघू’ म्हणू नये.

यातलं काही नसेल तर आता दुखण्याच्या कारणाकडे येऊ.

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ या वयात येतात. तोवर जबड्यातली जागा भरलेली असते, म्हणून खालची दाढ पुष्कळदा तिरकी किंवा अर्धवट बाहेर येते आणि तिच्या मागच्या अर्ध्या भागावर हिरडीचा पदर तसाच राहतो. त्या पदराखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, ब्रश तिथे पोचत नाही, हिरडी सुजते. सुजलेली हिरडी वरच्या दाढेखाली येते आणि प्रत्येक घासाला चावली जाते, म्हणून अजून सुजते. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतंय: मागे मांस आलेलं, तोंडाला वाईट चव, जबडा आखडलेला. पण ‘अक्कलदाढ दुखतेय’ म्हणून येणाऱ्या सगळ्यांची अक्कलदाढच दुखत असते असं नाही. गार पाणी लागल्यावर कळ उठून बराच वेळ टिकत असेल, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढत असेल, तर किडून नसेपर्यंत पोचलेला दात असण्याची शक्यता मोठी. आणि तो अक्कलदाढेच्या पुढचाही असू शकतो. वरच्या बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, वाकल्यावर गाल जड होत असेल आणि सर्दी असेल, तर सायनस असू शकतो. सकाळी उठल्यावर जबडा आंबलेला असेल तर झोपेत दात आवळण्याची सवय असू शकते. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे, म्हणून पैसे कमी असतील तेव्हा पहिला खर्च तपासणीवर आणि गरज असेल तर एका एक्स-रेवर करावा, असं माझं ठाम मत आहे. भलत्याच दाताच्या उपचारावर गेलेला पैसा परत येत नाही.

आज रात्रीसाठी: मोठ्या माणसाला दुसरा काही आजार नसेल तर आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, पोटात काहीतरी घालून, दर सहा ते आठ तासांनी, दिवसाला १२०० मिग्रॅच्या वर नाही. त्याच्यासोबत पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिग्रॅ, दर सहा तासांनी, २४ तासांत ४००० मिग्रॅच्या आत. माणूस किरकोळ बांध्याचा, वयस्कर, यकृताचा आजार असलेला किंवा रोज मद्य घेणारा असेल तर ही मर्यादा याहून कमी, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ही दोन औषधं वेगवेगळ्या मार्गांनी काम करतात, म्हणून एकत्र घेतलेली चालतात, आणि दाढेच्या दुखण्यात या जोडीचा परिणाम कुठल्याही एका गोळीपेक्षा चांगला असतो. जास्त ‘पॉवरफुल’ गोळी मागण्याआधी ही जोडी नीट, वेळेवर घेऊन बघा. दुखणं वाढल्यावर एक गोळी आणि मग विसरून जाणं, असं केलं की ठणका पुन्हा डोकं वर काढतो. पहिले दोन दिवस घड्याळ लावून घ्या. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा पाकिटावरची नावं वाचा, नाहीतर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते.

आयबुप्रोफेन कोणी घेऊ नये तेही लिहितो: पोटात अल्सर होऊन गेलेला, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं चालू, अशा गोळ्यांनी दमा उसळतो असा अनुभव, आणि गरोदरपण, विशेषतः २० व्या आठवड्यानंतर. या सगळ्यांनी फक्त पॅरासिटामॉल घ्यावं आणि डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवावं. गरोदर बाईंच्या दाढेवर उपचार होत नाहीत हा समज मात्र चुकीचा आहे. पसरणारा संसर्ग अंगावर काढणं बाळासाठी आणि आईसाठी जास्त वाईट.

गोळीइतकंच महत्त्वाचं काम पाण्याचं आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. खळखळून थुंकू नका. घोट तोंडात घेऊन मान दुखऱ्या बाजूला कलती करा आणि अर्धा मिनिट त्या दाढेजवळ धरून ठेवा. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना. मग लहान डोक्याचा मऊ ब्रश घ्या (मुलांचा चालतो), तोंड अर्धवटच उघडा, कारण पूर्ण उघडलं की गाल ताणला जाऊन जागा उरत नाही, आणि ब्रश दाढेच्या मागच्या बाजूने हिरडीच्या पदराकडे हलक्या हाताने फिरवा. थोडं रक्त येईल. त्याला भिऊन ब्रश बंद केला की सूज हटत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक जणांनी दुखतं म्हणून नेमकी तीच बाजू घासायची सोडलेली असते. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्यांचाही उपयोग होतो, पण आठवडाभरापुरत्याच. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि त्याने थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं. पण निव्वळ तेल हिरडीवर ओतलं की ती भाजते. कापसाला थेंबभर, तोही खाण्याच्या तेलात मिसळून, आणि फक्त दाढेपुरतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ धरून ठेवू नका, तिने हिरडी आणि गाल आतून पांढरे पडून सोलवटतात. गालावर बाहेरून गार कापड दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. सूज असताना गरम शेक देऊ नका. झोपताना डोक्याखाली एक उशी जास्त घेतली की ठणका थोडा उतरतो.

आता अँटिबायोटिक. लोक सगळ्यात आधी तेच मागतात, आणि इथे मला जरा कडक बोलावं लागतं. अँटिबायोटिक हे वेदनाशामक नाही. पदराखाली अन्न अडकून सुजलेली हिरडी ही स्वच्छ करून बरी होते. किडलेल्या दाताची नस दुखत असेल तर अँटिबायोटिकचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. ताप, गालावर पसरणारी सूज, जबडा आखडणं, गळ्याच्या गाठी दुखणं असं काही असेल तर ते लागतं, आणि तेव्हाही स्वच्छतेच्या जोडीला. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या पाच गोळ्यांनी सूज दबते, माणूस बरं वाटलं म्हणून थांबतो, कारण जागच्या जागी राहतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच दुखणं परत येतं. तीन-चार वेळा असं झालं की त्या गोळ्यांची बेरीज दाढेच्या उपचाराच्या जवळ जाऊ लागते. घरातल्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर त्या दिवसांत आणि नंतरचे दोन दिवस मद्य पूर्ण बंद.

पहिल्या भेटीत काय होतं हे माहीत नसल्यामुळेही लोक जात नाहीत. ‘गेलो की दाढ उपटतील आणि मोठं बिल हातात देतील’ अशी धास्ती असते. खरं तर सुजलेल्या, तोंड न उघडणाऱ्या माणसाची खालची अक्कलदाढ त्याच दिवशी कापून काढायची घाई सहसा कुणी जाणता डॉक्टर करत नाही. बोथट, वाकड्या सुईची सिरिंज घेऊन हिरडीच्या पदराखाली कोमट सलाइन सोडतात. आधी गढूळ पाणी येतं, मग अडकलेले कण, कधी थोडा पू आणि दुर्गंधी, आणि हळूहळू पाणी स्वच्छ येऊ लागतं. पाचेक मिनिटांचं काम. खुर्चीवरून उठतानाच पुष्कळांचा ठणका निम्म्यावर येतो आणि एक-दोन दिवसांत बोटांच्या मापाने तोंड जास्त उघडतंय हे दिसतं. याचं बिल दाढ काढण्याच्या तुलनेत अगदी लहान असतं, आणि बहुतेक सरकारी दंत विभागांत हे होतं.

तेव्हाच डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: ‘वरची अक्कलदाढ खालच्या हिरडीवर आपटतेय का?’ आपटत असेल तर तिची टोकं थोडी घासून गुळगुळीत करता येतात, किंवा ती दाढ काढता येते. वरची सरळ आलेली अक्कलदाढ काढणं हे साधारणपणे काही मिनिटांचं, बिनटाक्याचं काम असतं आणि त्याला खर्चही कमी. खालची दाढ तशीच राहते हे खरं, पण हिरडी रोज चिरडली जायची थांबते, आणि काही जणांना त्यानेच महिनोन्‌महिने त्रास होत नाही. पैसे साठवायला तेवढा वेळ मिळतो.

मग चारही काढायच्या का? जी दाढ दुखत नाही, किडलेली नाही, जिच्याभोवती गाठ किंवा हिरडीचा आजार नाही, ती केवळ ‘आहे’ म्हणून काढायला माझा विरोध आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं की निरोगी, अडकलेल्या अक्कलदाढा पुढे त्रास होईल या धास्तीने काढू नयेत. हिरडीच्या सुजेचा पहिला हल्ला फार तीव्र नसेल तर तेवढ्याने दाढ काढू नये, दुसऱ्यांदा झाला की काढण्याचा विचार करावा, असंही त्यात आहे. सगळे देश याच नियमाने चालत नाहीत, पण प्रत्येक दाढेसाठी वेगळं कारण मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ‘चारही काढायच्या तर प्रत्येकीचं कारण एक्स-रेवर दाखवा’ असं नम्रपणे म्हणा. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही. ‘अक्कलदाढा ढकलतात म्हणून पुढचे दात वाकडे होतात’ हे कारण मात्र स्वीकारू नका, त्याला भक्कम पुरावा नाही.

उलट बाजूही तितक्याच जोराने सांगतो. आडवी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला डोकं टेकवून बसली असेल तर त्या फटीत कीड लागते, आणि ती बाहेरून दिसत नाही. तेव्हा काढण्याचे पैसे वाचवले तर पुढच्या दाढेचं रूट कॅनाल आणि कॅप करावी लागते, कधी ती दाढही जाते. असा एक्स-रे असेल तर लांबवू नका. वयाचाही मुद्दा आहे: साधारण पंचविशीच्या आत मुळं पूर्ण वाढलेली नसतात, हाड मऊ असतं, दाढ सोपी निघते आणि जखम लवकर भरते.

खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये मुळं त्या नसेच्या वाहिनीवर पडलेली दिसली तर काढल्यानंतर ओठ बधिर राहण्याची शक्यता असते. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, क्वचित राहतो. अशा केसमध्ये स्वस्तात कुणीही काढून देतंय म्हणून जाऊ नये. मुखशल्यचिकित्सकच हवा. कधीकधी दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवण्याचा पर्यायही असतो, तोही विचारा.

कमी खर्चात चांगलं काम कुठे होतं, या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर डेंटल कॉलेज. तिथे फी कमी असते कारण विद्यार्थ्यांना शिकायचं असतं, आणि लोक नेमके त्यालाच घाबरतात. पण अडकलेली अक्कलदाढ पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हातात देत नाहीत. ती मुख आणि जबडा शल्यचिकित्सा विभागात, पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काढतात. ही मुलं अशा दाढा रोज बघतात. पैशांऐवजी तिथे वेळ जातो: नोंदणी, तपासणी, एक्स-रे, पुढची तारीख. सकाळी लवकर जा, अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि परीक्षांच्या किंवा सुट्ट्यांच्या दिवसांत विभाग मंदावतो हे लक्षात ठेवा. ‘माझी केस कोण करणार आणि शिक्षक जवळ असतील ना?’ हे विचारायला लाजू नका.

त्याखालोखाल सरकारी रुग्णालयांचे दंत विभाग, धर्मादाय दवाखाने आणि उत्पन्नाप्रमाणे फी घेणारी सामुदायिक केंद्रं. उत्पन्नाचा पुरावा सोबत असेल तर सवलतीचा अर्ज तिथल्या तिथे भरता येतो. पुष्कळ मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, पण विचारल्याशिवाय त्याचं नाव कुणी घेत नाही.

खासगीत जायचं झालं तर आधी फोन करा आणि एवढंच विचारा: ‘दाढेला सूज आहे, फक्त तपासणी आणि एक एक्स-रे याचे किती होतील?’ मग दाढ काढायची ठरली तर लेखी अंदाज मागा, ज्यात तपासणी, एक्स-रे, शस्त्रक्रिया, भूल, औषधं आणि टाके काढण्याची भेट वेगवेगळी लिहिलेली असेल. खर्च जिथे फुगतो ती जागा बहुतेक वेळा भूल असते. एका अक्कलदाढेसाठी इंजेक्शनने ती बाजू बधिर करणं पुरेसं होतं. पूर्ण भूल आणि रुग्णालयात दाखल होणं हे फार अवघड केससाठी किंवा आत्यंतिक भीती असलेल्यांसाठी. एक्स-रेची प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या मतासाठी तीच न्या, दुसऱ्यांदा काढायची गरज बहुधा पडत नाही. हप्त्याने पैसे देता येतील का हे सरळ विचारा. विमा असेल तर शस्त्रक्रियेआधी लेखी विचारून घ्या, कारण काही पॉलिसींमध्ये दंतोपचारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि काहींमध्ये अक्कलदाढेची शस्त्रक्रिया दंतोपचारात न धरता वैद्यकीय भागात धरतात. परवाना नसलेल्या माणसाकडून दाढ उपटून घेणं मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको. मुळं आत तुटतात, हत्यारं निर्जंतुक नसतात आणि दुरुस्तीचा खर्च मूळ खर्चाच्या वर जातो.

दाढ काढायच्या आधी तुमची सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने जबड्याचं हाड भरून यायला अडथळा येऊ शकतो.

काढल्यानंतर बधिरपणा दोन-चार तास टिकतो. तो उतरण्याआधीच वेदनाशामक घ्या. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिले २४ तास गुळण्या नाहीत, जोरात थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही, कारण खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निसटली की उघड्या हाडाचं दुखणं सुरू होतं. धूम्रपान किमान तीन दिवस तरी नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते, त्यामुळे त्या दिवशी घाबरू नका. पण दुखणं कमी होत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक वाढलं, कळ कानाकडे गेली, तोंडाला वाईट वास आला, तर ते त्या निसटलेल्या गाठीचं लक्षण असू शकतं. घरी जास्त गोळ्या घेत बसू नका. जिथे दाढ काढली तिथेच परत जा. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की थोड्याच वेळात आराम पडू लागतो. या भेटीचे वेगळे पैसे लागतात का, हेही दाढ काढायच्या आधीच विचारून ठेवा.